साथ आली तेव्हा ग्रंथालय कुठे होतं?



२०२० सालच्या ५ ऑक्टोबरला महाराष्ट्रातली उपाहारगृहं आणि बार निम्म्या क्षमतेने उघडले. ग्रंथालयांना परवानगी मिळाली १५ ऑक्टोबरला. मधल्या दहा दिवसांवरून तेव्हा बरीच चर्चा झाली. बारला आधी परवानगी आणि वाचनालयाला नंतर, हे कसं, असं अनेकांनी विचारलं. त्यांचा राग रास्त होता. पण त्या रागात एक मोठा प्रश्न झाकला गेला. मार्चपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, जवळपास सात महिने, राज्यातली सुमारे बारा हजार मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं बंद होती. या काळात ग्रंथालयाने समाजासाठी काय केलं आणि काय करता आलं असतं, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

दार बंद झालं याबद्दल तक्रार नाही. बंदिस्त जागेत माणसांनी जमू नये हा नियम शास्त्राला धरून होता आणि वाचन कक्षात तर एकेका बाकावर माणसं तासन्‌तास शेजारी बसतात. तक्रार आहे ती याची, की दाराबरोबर सेवाही बंद झाली. ग्रंथालय म्हणजे त्याची खोली, हे समीकरण सरकारने मानलं, संस्थाचालकांनी मानलं आणि वाचकांनीही मुकाट्याने मानलं.

टाळेबंदीच्या काळात राज्याने ज्या कायद्याचा आधार घेतला, तो साथरोग अधिनियम १८९७ सालचा. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातलं तेव्हा ब्रिटिश सरकारने तो घाईने केला. त्याच वर्षी मार्चमध्ये, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता, सावित्रीबाई फुले गेल्या. तेव्हाही महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयं होती. रत्नागिरीचं १८२८ मधलं, नाशिकचं १८४० मधलं, पुण्याचं १८४८ मधलं, कोल्हापूरचं १८५० मधलं. म्हणजे साथीचा कायदा झाला तेव्हा आपली ग्रंथालय परंपरा सत्तर वर्षांची होती. त्या कायद्याने सरकारला बंदी घालण्याचे अधिकार दिले. साथीत चालू काय ठेवायचं, हे मात्र समाजाला स्वतःच ठरवावं लागतं आणि ग्रंथालयांच्या बाबतीत आपण ते आजवर ठरवलेलं नाही.

कागदाची भीती

साथ आली की माणूस आधी माणसाला घाबरतो आणि मग वस्तूला. हातोहात फिरणारं पुस्तक ही तर संशय घेण्याजोगीच वस्तू.

१८९५ साली अमेरिकेत ओमाहा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या ग्रंथपाल जेसी ॲलन क्षयाने वारल्या. क्षयाचे जंतू त्यांना पुस्तकांतून लागले असावेत, अशी चर्चा सुरू झाली आणि पुढची वीसेक वर्षं इंग्लंड-अमेरिकेत ग्रंथालयाच्या पुस्तकांची मोठी धास्ती पसरली. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन शहरात लोहितांग ज्वराच्या साथीत पुस्तकं देणंच थांबवण्याचा हुकूम निघाला. इंग्लंडने तर १९०७ साली कायदाच केला. संसर्गजन्य रोग झालेल्या माणसाने ग्रंथालयाचं पुस्तक नेलं किंवा वापरलं, तर ४० शिलिंगपर्यंत दंड. घरात रोगी असेल तर पुस्तक परस्पर ग्रंथालयात परत करायचं नाही, आधी नगरपालिकेला कळवायचं. नगरपालिका ते निर्जंतुक करणार किंवा नष्ट करणार. ही भीती ओसरली ती एका साध्या निरीक्षणामुळे. रोज शेकडो पुस्तकं हाताळणारे ग्रंथालयाचे कर्मचारी इतरांपेक्षा जास्त आजारी पडत नव्हते.

हा इतिहास शंभर वर्षांपूर्वीचा म्हणून सोडून देता येत नाही. मार्च २०२० मध्ये मुंबईत वर्तमानपत्रांची छपाई काही दिवस थांबली होती. १८ एप्रिलच्या आदेशाने राज्य सरकारने वर्तमानपत्रं आणि मासिकं घरोघरी टाकण्यावर बंदी घातली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने सैल केली. विक्रेते घाबरले होते, सोसायट्यांनी फाटकं लावून घेतली होती. कागदावरून विषाणू येतो की नाही, हे तेव्हा कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

ठाऊक करून घेण्याचा पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेत झाला. ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था, तिथल्या संघराज्य सरकारची ग्रंथालय व संग्रहालय सेवा संस्था आणि बॅटेल ही प्रयोगशाळा यांनी मिळून २०२० च्या उन्हाळ्यात ‘रेल्म’ हा प्रकल्प हाती घेतला. ग्रंथालयात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंवर कोरोनाचा विषाणू लावायचा आणि तो किती दिवस टिकतो ते पाहायचं. कापडी बांधणी, कागदी वेष्टन, प्लास्टिकचं आवरण, डीव्हीडीची डबी, गुळगुळीत कागदाचं मासिक, मुलांचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, चामडं, असं एकेक. सुट्या ठेवलेल्या पुस्तकांच्या वेष्टनांवर तीन दिवसांनी विषाणू सापडला नाही. मात्र तशीच पुस्तकं एकावर एक रचून ठेवली, तेव्हा सहा दिवसांनंतरही तो सापडला.

हा तपशील रोजच्या कामात फार महत्त्वाचा आहे. परत आलेली पुस्तकं आपल्याकडे कशी ठेवतात ते आठवून पाहा. देवघेवीच्या टेबलामागे, भिंतीला टेकून, एकावर एक. संध्याकाळी वेळ मिळाला की शिपाई तो ढीग उचलतो आणि पुस्तकं जागेवर लावतो. बदल करायचा तो इतकाच, की पुस्तकं ढिगाऐवजी मोकळ्या घोडीवर सुटी, उभी ठेवायची आणि परत आल्याच्या तारखेची चिठ्ठी कप्प्याला लावायची. याला पैसा लागत नाही, माहिती लागते. ती नसल्यामुळे कुणी पुस्तकांवर जंतुनाशक फवारण्याचा विचार करत होतं, कुणी अतिनील किरणांची यंत्रं शोधत होतं. फवाऱ्याने शाई आणि बांधणी खराब होते, आणि मिटलेल्या पुस्तकाच्या पानांत अतिनील किरण पोहोचत नाहीत. जतनतज्ज्ञांचा सल्ला साधा होता, की पुस्तक काही दिवस बाजूला ठेवा, बाकी काही करू नका.

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. म्हणजे मार्च २०२० मधली भीती आणि एप्रिल २०२१ मधलं ज्ञान यांत वर्षभराचं अंतर होतं. शास्त्राला असा वेळ लागतोच. पण त्या वर्षात दर महिन्याला काही ना काही नवं कळत होतं. ते वाचून, पडताळून, सोप्या मराठीत गावापर्यंत पोहोचवणं हे कुणाचं काम होतं? माहिती निवडून, पारखून लोकांपुढे ठेवण्याचं शिक्षण ज्याने घेतलं आहे, असा माणूस तालुक्याच्या गावी बहुधा एकच असतो, तो म्हणजे ग्रंथपाल. तो घरी बसून होता.

हे काम दार उघडं असतानाही होत नव्हतं आणि त्याची किंमत आपण मोजली. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये मोबाइलवरून पसरली आणि महाराष्ट्रातले कुक्कुटपालक शेतकरी देशोधडीला लागायची वेळ आली. पक्षी मातीमोल भावाने विकावे लागले, काहींनी फुकट वाटले. तेव्हा टाळेबंदी लागायची होती, ग्रंथालयं उघडी होती. गावातल्या मुक्तद्वार वाचनालयाच्या फळ्यावर ‘ही अफवा आहे’ एवढं एक वाक्य, सरकारी पशुसंवर्धन खात्याच्या हवाल्यासह, किती ठिकाणी लिहिलं गेलं असेल?

सभासदांची यादी

जगात काही ग्रंथालयांनी या काळात वेगळी वाट धरली. त्यांची उदाहरणं नीट पाहिली, तर त्यांत पुस्तकांपेक्षा माणसांच्या माहितीचा उपयोग मोठा दिसतो.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ईशान्य उपनगरांत यारा प्लेंटी नावाचं प्रादेशिक ग्रंथालय आहे. टाळेबंदी लागली तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी सभासदांच्या यादीतून सत्तरी ओलांडलेल्यांचे दूरध्वनी क्रमांक वेगळे काढले. ते सुमारे आठ हजार भरले. मग ग्रंथालयाचे लोक रोज फोन घेऊन बसले. पुस्तक परत करा असं सांगायला हे फोन नव्हते. कसे आहात, घरात कुणी आहे का, औषधं, किराणा मिळतोय का, टॅबलेटवर पुस्तक कसं उघडायचं ते सांगू का, असं विचारायला होते. ज्याला मदतीची गरज दिसली, त्याचं नाव योग्य त्या सेवेकडे पाठवलं जाई. सरकारच्या इतर खात्यांकडेही वृद्धांच्या याद्या असतात. पण फोन आल्यावर ‘ग्रंथालयातून बोलतेय’ हे ऐकून निर्धास्तपणे बोलावं, असं नातं त्या खात्यांचं लोकांशी नसतं.

सॅन फ्रान्सिस्कोत २०२० च्या एप्रिलमध्ये आरोग्य खात्याने बाधितांच्या संपर्कात आलेली माणसं शोधण्यासाठी पथकं उभारली. त्यांत शहरातले ग्रंथपालही होते. अनोळखी माणसाशी सौम्यपणे बोलणं, प्रश्न विचारून हवी ती माहिती काढणं, ती गुप्त ठेवणं आणि नीट नोंदवणं, हे सगळं संदर्भसेवेत मुरलेल्या माणसाला आधीच येत होतं. टोरंटोत बंद असलेल्या काही शाखांमधून अन्नपेढ्या चालवल्या गेल्या, कारण त्या शाखा प्रत्येक वस्तीत होत्या आणि लोकांना पायी जाता येण्याजोग्या होत्या. अमेरिकेतल्या कितीतरी छोट्या गावांत ग्रंथालयाला कुलूप असलं, तरी वायफाय चालू ठेवलं गेलं. लोक बाहेर गाडीत बसून बेकारी भत्त्याचे अर्ज भरत आणि मुलं गृहपाठ पाठवत. पुढे लस आली तेव्हा अनेक ग्रंथालयांनी वृद्धांना लसीची वेळ नोंदवून दिली आणि घरी करायच्या चाचण्यांचे संच वाटले.

वुहानमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये क्रीडागारं आणि प्रदर्शन केंद्रं तात्पुरती रुग्णालयं झाली. हजारो सौम्य रुग्ण तिथे एकाच छताखाली, ओळीने मांडलेल्या खाटांवर होते. तिथे पुस्तकांचे कोपरे उभारले गेले. खाटेवर पडून जाडजूड पुस्तक वाचणाऱ्या एका तरुण रुग्णाचं छायाचित्र तेव्हा जगभर गेलं. ज्याला आठ-पंधरा दिवस चार भिंतींत काढायचे आहेत आणि ज्याच्याकडे मोबाइलवरच्या मृत्यूंच्या आकड्यांशिवाय काहीच नाही, त्याला पुस्तक ही चैन वाटत नाही. आपल्याकडची भव्य कोविड केंद्रं आठवा. मुंबईत गोरेगाव, वांद्रे-कुर्ला संकुल, पुण्यात बालेवाडी. तिथल्या रुग्णांच्या उशाशी मराठी पुस्तक ठेवणं ही शहरातल्या ग्रंथालयांची ठरलेली जबाबदारी असायला हवी होती.

इंग्लंडने नोव्हेंबर २०२० मध्ये दुसऱ्यांदा टाळेबंदी लावली, तेव्हा ग्रंथालयांना सरसकट कुलूप लावलं नाही. आधी मागणी नोंदवून पुस्तक दारातून घेऊन जायची सोय चालू ठेवली आणि ज्यांच्या घरी संगणक नाही, अशांना वेळ ठरवून ग्रंथालयातला संगणक वापरू दिला. पहिल्या टाळेबंदीत जे सुचलं नव्हतं, ते दुसऱ्या वेळी नियमात आलं.

केरळ आणि कर्नाटक

परदेशाकडे पैसा आहे, आपल्याकडे कुठून, असं इथे कुणी म्हणेल. म्हणून आपल्याच देशातली दोन राज्यं पाहू.

केरळात १ जून २०२० पासून ‘काइट व्हिक्टर्स’ या वाहिनीवर ‘फर्स्ट बेल’ नावाने शालेय वर्ग सुरू झाले. ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच नाही आणि मोबाइलही नाही, अशी सुमारे अडीच लाख मुलं आधीच्या पाहणीत आढळली होती. त्यांच्यासाठी शेजारपाजारची अभ्यासकेंद्रं उघडली गेली. काही अंगणवाड्यांत, काही समाजमंदिरांत आणि कितीतरी गावातल्या वाचनालयांत. वाचनालयाच्या खोलीत टीव्ही बसवला, अंतर ठेवून थोडी मुलं बसवली आणि इयत्तेप्रमाणे वेळा वाटून दिल्या. केरळात अशी आठ हजारांहून अधिक वाचनालयं आहेत. पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ पासून बांधत नेलेल्या चळवळीतून ती उभी राहिली. तिथे मालमत्ता करावर पाच टक्के ग्रंथालय अधिभार आहे आणि तो पैसा राज्य ग्रंथालय परिषदेकडे जातो. म्हणून साथीच्या काळात निर्णय घ्यायला एक यंत्रणा होती आणि थोडा हक्काचा पैसाही होता.

कर्नाटकाने योगायोगाने साथीच्या तोंडावर, फेब्रुवारी २०२० मध्ये, राज्याचं डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय सुरू केलं. पुढच्या महिन्यात सगळं बंद झालं आणि त्यावर लाखोंनी नोंदणी झाली. कन्नड पुस्तकं, शालेय पाठ, स्पर्धा परीक्षांचं साहित्य विनामूल्य मिळू लागलं. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्रामविकास खात्याने ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांतून ‘ओदुव बेळकु’ ही मोहीम काढली. शाळा बंद होत्या, मुलं रानोमाळ फिरत होती. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना गावच्या ग्रंथालयाचं सभासदत्व मोफत दिलं आणि त्यांना पुस्तकांपर्यंत आणण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर टाकली. कर्नाटकातही १९६५ च्या कायद्याने ग्रंथालय अधिभार आहे.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. आपण तो १ मे १९६८ पासून अमलात आणला. त्यात असा अधिभार नाही. आपलं ग्रंथालय चालतं ते वर्गणीवर, देणगीवर आणि सरकारच्या परिरक्षण अनुदानावर. आजच्या विषयाचं मूळ इथे आहे.

आपल्याकडे काय झालं

२०२० साली सर्वांत खालच्या, म्हणजे ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाकाठी ३० हजार रुपये अनुदान होतं. महिन्याला अडीच हजार. त्यातून ग्रंथपालाचा पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि जागेचं भाडं. १० वर्षं हा दर तसाच राहिला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं. अशा ग्रंथालयातला माणूस सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास दार उघडून बसतो, उरलेल्या वेळात शेती किंवा दुकान सांभाळतो. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्याचा विकासखर्च ३३ टक्क्यांवर आणला. वर्गणी थांबलेली, देणगीदार स्वतः अडचणीत, त्यात अनुदान आटलेलं. खेड्यापाड्यांतल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांनी ते वर्ष कसं काढलं, हे त्यांच्या घरच्यांना विचारावं. या माणसाने साथीत घरोघरी का फोन केले नाहीत, असा प्रश्न त्याला विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तरीही काय गमावलं ते मांडलंच पाहिजे.

पहिलं नुकसान मुक्तद्वार वाचनालयातल्या माणसांचं. रोज सकाळी ठरावीक वेळेला येणारे निवृत्त शिक्षक, गिरणी कामगार, पोस्टमन, दुकानाची जबाबदारी मुलावर सोपवलेले व्यापारी. यांतल्या अनेकांचं घर लहान असतं आणि दिवसातला बोलका वेळ तेवढाच असतो. एखादे नाना दोन दिवस दिसले नाहीत, तर ग्रंथपालाला पहिल्यांदा कळतं. कुणाला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर मोठ्या टाइपाचं पुस्तक लागतं, कुणी पत्नी गेल्यापासून फक्त प्रवासवर्णनं नेतो, हे त्याला ठाऊक असतं. साथीचा सर्वांत मोठा धोका याच वयाला होता आणि सर्वांत कडक एकांतवासही यांच्याच वाट्याला आला. त्यांची नावं, पत्ते, फोन नंबर, सगळं सभासद नोंदवहीत लिहिलेलं होतं. ती नोंदवही कुलूपबंद कपाटात राहिली.

दुसरं नुकसान अभ्यासिकांतल्या मुलांचं. गेल्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रातलं सार्वजनिक ग्रंथालय तरुणांच्या बाबतीत मुख्यतः अभ्यासिकेच्या रूपाने जगतं. सहा जणांचं कुटुंब दोन खोल्यांत राहतं, तेव्हा अभ्यासाला दिवा आणि शांतता ग्रंथालयातच मिळते. पुण्यातल्या अभ्यासिका रिकाम्या झाल्या, मुलं गावी परतली आणि गावातली अभ्यासिकाही बंद. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेली. मार्च २०२१ मध्ये ती आणखी एकदा पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. अखेर २१ मार्च २०२१ ला परीक्षा झाली. या वर्षभरात कुणाकडे वेगवान इंटरनेट आणि स्वतःची खोली होती, कुणाकडे नव्हती, यावरून बरंच काही ठरलं. या काळात ग्रंथालयाने अभ्यासाची पुस्तकं तरी घरपोच दिली असती, तर निदान ही दरी रुंदावली नसती.

तिसरं नुकसान लेखक-प्रकाशकांचं. पुस्तकं मिळेनात, तेव्हा मराठी पुस्तकांच्या पीडीएफ प्रती मोबाइलवरून बेसुमार फिरल्या. त्या पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण वाचनसंस्कृतीची सेवा करतोय, असंच वाटत होतं. प्रकाशकांनी विनवण्या केल्या, तक्रारी केल्या. हा पेच अमेरिकेतही आला. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या ऑनलाइन ग्रंथालयाने २४ मार्च २०२० ला राष्ट्रीय आणीबाणी ग्रंथालय उघडलं आणि सुमारे १४ लाख पुस्तकांच्या डिजिटल प्रतींसाठीची प्रतीक्षायादी काढून टाकली. हॅशेट, हार्परकॉलिन्स, पेंग्विन रँडम हाउस आणि वायली या चार प्रकाशकांनी १ जूनला खटला भरला आणि १६ जूनला ते ग्रंथालय बंद करावं लागलं. वाचकाची निकड खरी आणि लेखकाचा हक्कही खरा. त्या दोन्हींमध्ये उभी राहील, पैसे मोजून ई-पुस्तकांचे उसनवारीचे हक्क घेईल आणि सभासदाला ती विनामूल्य देईल, अशी मराठीपुरती सार्वजनिक यंत्रणा आपल्याकडे नव्हती. आजही ती नीट उभी नाही.

पुढच्या साथीआधी ठरवायच्या गोष्टी

ही सगळी तयारी साथ नसताना करायची असते. त्यासाठी मोठा निधी येण्याची वाट पाहायला नको. काही गोष्टी संस्थेच्या हातात आहेत, काही शासनाच्या.

संस्थेच्या हातातली पहिली गोष्ट म्हणजे सभासद नोंदवही. तिच्यात नाव, पत्ता, अनामत असतेच. तिथे जन्मवर्ष, चालू फोन क्रमांक, घरात एकटे राहतात का आणि संकटात फोन केलेला चालेल का, एवढे चार रकाने वाढवायचे. शेवटचा रकाना संमतीचा आहे आणि तो वगळून चालणार नाही. कोण काय वाचतं, ही माहिती ग्रंथपाल कुणाला देत नाही म्हणूनच वाचक त्याच्यावर विश्वास टाकतो. पत्ते आणि फोनही त्याच विश्वासाने जपले पाहिजेत. मग प्रत्येक स्वयंसेवकाच्या नावावर वीस-पंचवीस सभासद वाटून ठेवायचे. दार बंद झालं, की दुसऱ्या दिवशी फोन सुरू व्हायला हवेत.

दुसरी गोष्ट पेटीची. महाराष्ट्राला ही काही नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि त्या संस्थानात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची, विनायक रानडे यांनी २००९ पासून वाढवलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना आहे. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती एका वाचकगटाकडे राहते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलते. साथीसाठी याहून सोयीची रचना सापडणं कठीण आहे. पेटी सोसायटीच्या किंवा वाडीच्या दाराशी येते, आतली माणसं आपापसांत पुस्तकं फिरवतात, परत जाताना ती काही दिवस तशीच बाजूला राहते. बाहेरच्या कुणाला आत यावं लागत नाही. प्रत्येक अ आणि ब वर्ग ग्रंथालयाने अशा दहा-वीस पेट्या एरवीही चालवल्या, तर संकटात फक्त त्यांची संख्या वाढवावी लागेल.

तिसरी गोष्ट माहितीच्या फळ्याची. आरोग्य खात्याच्या अधिकृत सूचना, अफवांची उत्तरं, प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन, लसीच्या नोंदणीची मदत. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लसीकरण खुलं झालं, तेव्हा आधी कोविन संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची होती. ज्याच्याकडे साधा मोबाइल आहे, त्याने कुणाकडे जायचं? संगणक, इंटरनेट आणि अर्ज भरून द्यायला बसलेला माणूस, हे तिन्ही ग्रंथालयाच्या खिडकीशी मिळू शकलं असतं.

शासनाकडे मागायच्या गोष्टीही तितक्याच स्पष्ट आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असतं आणि जिल्ह्याचा आराखडा असतो. त्या आराखड्यात सार्वजनिक ग्रंथालयांचं नाव आणि काम लिहिलेलं असावं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी ती यादी दर वर्षी तपासावी. ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना आज पुस्तकांची संख्या, नियतकालिकं, उघडं राहण्याचे तास हे पाहिलं जातं. घरपोच सेवा आणि वस्तीतली सेवा यांनाही त्यात गुण हवेत, म्हणजे ती एरवीही चालू राहील. साथ जाहीर झाली, की त्या वर्षीचं अनुदान कपात न करता आगाऊ द्यावं, कारण त्याच वर्षी वर्गणी आटते. आणि ज्या कर्मचाऱ्याला बाहेर पडून काम करायला सांगायचं, त्याला विमा हवा. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमाकवच जाहीर झालं, ते योग्यच होतं. तुटपुंज्या अनुदानावर भागवणाऱ्या ग्रंथपालाकडून धोका पत्करण्याची अपेक्षा त्याशिवाय करणं अन्यायाचं आहे.

मराठी ई-पुस्तकांसाठी राज्याने एकदाच बसून प्रकाशकांशी करार करावा. कोणत्याही मान्यताप्राप्त ग्रंथालयाचा सभासद आपल्या सभासद क्रमांकावर ती पुस्तकं वाचू शकेल आणि प्रत्येक उसनवारीमागे लेखकाला मानधन जाईल, अशी रचना करावी. म्हणजे दुबईतला, सिंगापूरचा किंवा इंदूरचा मराठी वाचकसुद्धा एखाद्या गावच्या ग्रंथालयाचा सभासद होईल. त्या वर्गणीचा आधार गावच्या ग्रंथालयाला मिळेल.

शेवटी आपल्या ग्रंथालयाबद्दल. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हिशेब आणि निवडणूक यांच्या जोडीला ‘आपत्काळातील ग्रंथालय सेवा’ हा एक विषय घ्यावा. सभेने त्याच दिवशी चार गोष्टी नावांसह ठरवाव्यात. नोंदवहीतले नवे रकाने कोण भरून घेणार, सत्तरीपुढच्या सभासदांना फोन कोण करणार, पहिल्या पाच पेट्या कोणत्या वस्त्यांना जाणार आणि तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलणं कुणाकडे राहणार. हा विषय मांडायला कार्यकारिणीतलं पद लागत नाही. इथे बसलेल्या कुणाही सभासदाने चिटणीसांच्या नावे लेखी सूचना दिली, की काम सुरू होतं. आजच्या कार्यक्रमानंतर चिटणीस देवघेवीच्या टेबलाशी थांबणार आहेत.